विषय क्रमांक पाच

हितेंद्र : फोन माझा आहे, आबा. सभेला कुठं बसायचं ते मीच ठरवणार ना?

हिलाल आबा : ठरव ना भो. कोठे बी बठ. पन नेट मन्ही खाटवरच येस, त्याले मी काय करू?

हितेंद्र : मग खाटा बदलू. दुपारपर्यंतच. तुम्ही दाराजवळ जा, मी खिडकीत येतो.

हिलाल आबा : पह्यले कोन उनं आठे? मी. खिडकीनी खाट मन्ही. नगरपालिकामा बी मी तुन्हा पह्यले उनू, आठे बी पह्यले उनू.

हितेंद्र : करोनात कसली आलीय ज्येष्ठता?

हिलाल आबा : शे ना. माले तुन्हा आगोदर झाया.

हितेंद्र : तुमचा फोन धड असता तर ही वेळच आली नसती. वाफ घेताना कोण फोन उचलतं?

हिलाल आबा : दोन्ही हात टॉवेलमा व्हतात. प्रेमराजना फोन उना. उचलाले गऊ, तर सुटना आनि सरका उकळता पानीना भगोनामा.

हितेंद्र : मग?

हिलाल आबा : मंग काय. त्याले बी वाफ भेटनी.

हितेंद्र : हसवू नका, खोकला येतो. सगळं गाव आधीच हसतंय. विरोधी गटनेते हिलाल आबा आणि सत्ताधाऱ्यांचा बांधकाम सभापती, आश्रमशाळेच्या वसतिगृहात एकाच खोलीत! तुमच्या प्रेमराजनं ग्रुपवर टाकलंय, जे कोणाला जमलं नाही ते करोनानं करून दाखवलं.

हिलाल आबा : तू कसाले उना पन आठे? तुन्हाजोडे पैसा शे. जळगावले मोठा दवाखानामा चालना जातास.

हितेंद्र : या सेंटरची फीत कापताना मीच माईकवर बोललो होतो, की इथली सोय जळगावपेक्षा तसूभर कमी नाही. आता कुठल्या तोंडानं जाऊ?

हिलाल आबा : मी त्यानाकरताच उनू. कितली कमी शे ते दखाले.

हितेंद्र : तो ऑक्सिमीटर बोटाला लावा आधी. सकाळपासून मोजलं नाही तुम्ही.

हिलाल आबा : ब्याण्णव. कालनंच शे.

हितेंद्र : काल चौऱ्याण्णव होतं.

हिलाल आबा : मंग आज ब्याण्णव शे. तू विषय वाच. सभा अकराले शे ना?

हितेंद्र : अकराला. वर्षअखेरची विशेष सभा. विषयपत्रिकेचा कागद तुमच्याकडे आलाय की.

हिलाल आबा : कागदवर चार विषय शेत. काल मन्ही नात पुनम खिडकीखाले उभी ऱ्हाईसन सांगी गयी, मांगतीन पुरवणी उनी मोबाइलवर. ती वाच.

हितेंद्र : एक, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. दोन, मार्चअखेरच्या जमाखर्चाचा आढावा. तीन, घरपट्टीच्या दंडात सवलत. चार, फवारणीच्या खर्चाला मंजुरी. सहा, ऐनवेळचे विषय.

हिलाल आबा : चारना मांगे सहा?

हितेंद्र : काय?

हिलाल आबा : मी चौथी शिकेल शे भो. चारना मांगे पाच येस.

हितेंद्र : पाच. ऑक्सिजनची दहा मशीन खरेदी करणे व त्यासाठी निधीचं पुनर्विनियोजन करणे. चांगला विषय आहे. एकमतानं होईल.

हिलाल आबा : मशीन लेवाले मन्हा इरोध नही. पैसा कोठला?

हितेंद्र : बजेटच्या एका शीर्षातून काढायचा, दुसऱ्यात टाकायचा. दरवर्षी मार्चमध्ये करतो तसंच.

हिलाल आबा : कोनता शीर्षमातीन?

हितेंद्र : आठवडे बाजार. महिलांसाठी स्वच्छतागृह.

हिलाल आबा : मुतारी.

हितेंद्र : हो.

हिलाल आबा : मन्ही मुतारी.

हितेंद्र : उठू नका, आबा. पडून राहा. डॉक्टरांनी पालथं झोपायला सांगितलंय तुम्हाला.

हिलाल आबा : पालथा पडीसन दखस मी, काय काय चालनं ते. चारना मांगे सहा!

हितेंद्र : शांतपणे विचार करा ना. बाजार बंद आहे. कलेक्टरांचा हुकूम आहे. कधी उघडेल ते कोणालाच माहीत नाही. बायकाच येत नाहीत तर मुतारी कोणासाठी? आणि इकडे माणसं श्वासाला महाग झालीत. उद्या तुम्हालाच ते मशीन लागलं तर?

हिलाल आबा : लागनं तर लाई दे. मी कोठे नही म्हनस? पन पैसा मुतारीनाच कसाले? तुन्हा चौकमा कारंजं शे ना. त्याना नावे बी तितलाच पैसा शे.

हितेंद्र : कारंज्याचं टेंडर निघालंय.

हिलाल आबा : उघाडं का?

हितेंद्र : उघडलं नाही. पण निघालंय.

हिलाल आबा : आठ दिनमा एकदाव नळले पानी येस आपला गावमा. आनि तू ते चौकमा उडाडशी. रंगीत लाइट लाईसन.

हितेंद्र : तेच पाणी फिरून फिरून वर जातं. मोटर असते त्याला. आणि वॉर्डातल्या पोरांना मी शब्द दिलाय. येत्या डिसेंबरात निवडणूक आहे, त्यांच्या जिवावरच लढायची आहे मला.

हिलाल आबा : मी बी शब्द देल शे. पह्यलांदा निवडी उनू तवय. मन्हा शब्द देल बाया म्हाताऱ्या व्हई गयात.

हितेंद्र : थांबा, ताईंचा फोन आला. मी व्हरांड्यात जाऊन घेतो.

हिलाल आबा : जाय, जाय. नगराध्यक्षासना फोन शे. साधा फोन लागस बाहेर.

हितेंद्र : बोला, ज्योत्स्नाताई.

ज्योत्स्नाताई : कसं वाटतंय, हितेंद्रभाऊ? ताप उतरला का?

हितेंद्र : उतरला. तोंडाला चव नाही, बाकी ठीक आहे.

ज्योत्स्नाताई : खोलीतून बाहेर आलात ना? आबांना ऐकू नाही ना जात?

हितेंद्र : नाही. बोला.

ज्योत्स्नाताई : त्यांचा फोन बिघडलाय म्हणे.

हितेंद्र : शिजलाय.

ज्योत्स्नाताई : काय?

हितेंद्र : बिघडलाय.

ज्योत्स्नाताई : मग आज सभेला त्यांना कसं येता येणार? तसं बरंच आहे ते. ऐका, विषय पाचवर विरोधक मतदान मागणार. आपले दोघं आजारी आहेत, सभेला येऊ शकत नाहीत. आबा आले तर मतं बरोबरीत जातात. मग माझं निर्णायक मत.

हितेंद्र : मग अडचण काय? तुमचं मत आपलंच.

ज्योत्स्नाताई : अडचण तीच आहे. मी बाई आहे, भाऊ. बायकांच्या मुतारीचा निधी बाईच्या मतानं गेला, असं दुसऱ्या दिवशी पेपरात येईल, वर माझा फोटो. ती पाळी माझ्यावर आणू नका. आबा नसले तर आपण एका मतानं पुढे. माझ्यापर्यंत येतच नाही.

हितेंद्र : कारंज्याचा निधी काढला तर?

ज्योत्स्नाताई : तुम्ही म्हणताय हे? कारंजं तुमचंच ना? महिनाभर माझ्या दारात बसून तुम्ही ते बजेटमध्ये घालून घेतलंत. आणि कुंदनशेठना काय सांगणार? काम त्यांनाच मिळणार म्हणून ते आत्ताच दगड बघून आलेत.

हितेंद्र : नाही, मी नुसतं विचारलं.

ज्योत्स्नाताई : मला मशीन पाहिजेत, भाऊ. कुठूनही. अमरधामचा माणूस रोज संध्याकाळी फोन करतो, ताई, लाकडं पाठवा. मुतारी पुढच्या वर्षी पहिली घेऊ, मी शब्द देते. आज तेवढं सांभाळा.

हितेंद्र : सांभाळा म्हणजे?

ज्योत्स्नाताई : नेटवर्क जातं कधीकधी. तेवढंच.

हितेंद्र : बरं. बघतो.

हिलाल आबा : उना का? काय म्हने नगराध्यक्षा?

हितेंद्र : तब्येत विचारत होत्या.

हिलाल आबा : मन्ही का तुन्ही?

हितेंद्र : दोघांची.

हिलाल आबा : मन्ही बी? मंग नक्की सांगं व्हई, आबाले फोन नको दखाडू.

हितेंद्र : आबा...

हिलाल आबा : राग नही भो. त्यासनी जागावर मी ऱ्हातू तर मी बी तेच सांगतू. इतला वरीस काय भजन करं का आपन नगरपालिकामा?

हितेंद्र : मग काय करू मी? तुम्हीच सांगा.

हिलाल आबा : मी कसाले सांगू? फोन तुन्हा शे. नही देवाना व्हई तर नको देऊ. मी आठेच पडी ऱ्हासू, भिंतकडे तोंड करीसन. बोलाव नही.

हितेंद्र : तुम्ही? बोलणार नाही?

हिलाल आबा : जितलं व्हई तितलं.

हितेंद्र : सरका जरा. पाय वर घ्या. मास्क नाकावर ओढा. फोन या उशीला टेकवतो, दोघंही दिसू. पण एक सांगून ठेवतो, मतदानात मी माझ्या बाजूला आणि तुम्ही तुमच्या.

हिलाल आबा : मंग काय तर. खाट एक शे म्हनीसन पार्टी एक व्हस का?

ज्योत्स्नाताई : ...दीपकभाऊ हजर. हेमांगीताई हजर. प्रेमराजभाऊ, तुमचा पंखा बंद करा, आवाज येतोय. हितेंद्रभाऊ?

हितेंद्र : हजर.

हिलाल आबा : हजर.

ज्योत्स्नाताई : कोण बोललं मध्ये?

हिलाल आबा : मी. हिलाल.

ज्योत्स्नाताई : आबा? तुम्ही हितेंद्रभाऊंच्या फोनवर कसे?

हिलाल आबा : खाट मन्ही शे, फोन त्याना शे. लिखा, हजर.

ज्योत्स्नाताई : बरं. मुख्याधिकारी साहेब, आबांची हजेरी लावा. सभेचं रेकॉर्डिंग चालू आहे, सगळ्यांनी लक्षात ठेवा.

हितेंद्र : ऐकलं ना आबा, रेकॉर्डिंग आहे. शिव्या नका देऊ.

हिलाल आबा : मी कधी शिव्या देस?

हितेंद्र : विषय चारपर्यंत तोंड मिटून राहा. दम पुरवा. पाचला बोला.

ज्योत्स्नाताई : विषय चार, सर्वानुमते मंजूर. विषय पाच. ऑक्सिजनची मशीन. गावाची गरज काय आहे ते मी सांगायला नको. यासाठी आठवडे बाजार स्वच्छतागृहाचा निधी वर्ग करावा, अशी सूचना आहे. बाजार सध्या बंद असल्यामुळे त्याचा कोणाला त्रास नाही. कोणाला बोलायचं आहे? आबा, थोडक्यात.

हिलाल आबा : ताई, मशीन लेवाले पाह्यजेत. आजच ल्या. पन मुतारीना पैसा... मुतारीना पैसा काढीसन... पह्यले मन्हं ऐकी ल्या... इतला वरीस...

हितेंद्र : आबा, थांबा. श्वास घ्या. नाकातून. सावकाश.

ज्योत्स्नाताई : आबांना त्रास होतोय का? आपण पुढे जाऊ या का?

हिलाल आबा : पुढे नका जाऊ!

हितेंद्र : ताई, एक मिनिट द्या. आबा, बोलू नका. मतदान करा आणि मोकळे व्हा.

हिलाल आबा : तू बोल.

हितेंद्र : मी?

हिलाल आबा : मी कानमा सांगस. तू मोठाई सांग.

हितेंद्र : मी सत्ताधारी आहे, आबा!

हिलाल आबा : तुन्हं मत नही मांगस. तोंड मांगस.

ज्योत्स्नाताई : हितेंद्रभाऊ, काय ठरलं?

हितेंद्र : ताई, आबांना दम लागतोय. ते सांगतील ते मी सभागृहाला सांगतो. हे त्यांचं म्हणणं आहे, माझं नाही. तशी नोंद घ्या.

ज्योत्स्नाताई : बरं. पण लवकर.

हिलाल आबा : सांग, बजार बंद शे, मरेल नही.

हितेंद्र : आबांचं म्हणणं असं, की बाजार तात्पुरता बंद आहे.

हिलाल आबा : मरेल नही, असं म्हन.

हितेंद्र : बाजार मेलेला नाही, असं आबा म्हणतात.

हिलाल आबा : सांग, दर मार्चमा कात्री मुतारीलेच लागस. एकदाव मंत्री उना त्याना रस्ताले पैसा गया. एकदाव क्रिकेटना सामना भरात, त्यासना मंडपले.

हितेंद्र : यापूर्वीही हा निधी काही अपरिहार्य कारणांनी इतरत्र वळवण्यात आलेला आहे.

हिलाल आबा : अपरिहार्य? मंडप? नाव घे.

हितेंद्र : आबा, ते सामने मी भरवले होते.

हिलाल आबा : म्हनीसन तर म्हनस, नाव घे.

ज्योत्स्नाताई : इकडे काहीच ऐकू येत नाहीये.

हितेंद्र : आबा म्हणतात... एका वर्षी हे पैसे मंत्र्यांच्या दौऱ्याच्या रस्त्याला गेले. एका वर्षी क्रिकेटच्या मंडपाला. मंडप... हितेंद्रनं टाकला होता. म्हणजे मी. प्रेमराजभाऊ, हसायचं असेल तर माईक बंद करा.

हिलाल आबा : आते सांग. एक बाई व्हती. भाजी इकाले येत जाये.

हितेंद्र : आबा एक उदाहरण देतायत. बाजारात एक भाजीवाली बाई यायची.

हिलाल आबा : मेथी, कोथमीर. सकायले पायी येये, दोन कोसवरतीन. एक दिन तिले जावानं व्हतं. कोठे जाशी? चारी बाजूले मानसं. पार नालाना पलीकडे गयी.

हितेंद्र : मेथी-कोथिंबीर घेऊन दोन कोस पायी यायची. एक दिवस तिला... जायचं होतं. आडोसा नाही, चहूकडे माणसं. ती नाल्याच्या पलीकडे गेली.

हिलाल आबा : परत उनी, तर गाडीना बैल टोपलीमा तोंड घालीसन उभा. बठ्ठी कोथमीर खाई टाकी. मेथी बी.

हितेंद्र : परत आली तोवर बैलगाडीच्या बैलानं सगळी टोपली खाल्ली होती.

हिलाल आबा : ती रडनी नही. हासनी. टोपली झटकी, डोकावर पालथी घाली आनि चालनी गयी.

हितेंद्र : ती रडली नाही. टोपली झटकली आणि... आबा, ही बाई बसायची कुठे?

हिलाल आबा : निंबना झाडखाले. पेरूवालाना शेजारे.

हितेंद्र : शाळेच्या बाजूच्या?

हिलाल आबा : तू सांग ना पुढे. त्या बठ्ठा वाट दखी ऱ्हायनात.

ज्योत्स्नाताई : हितेंद्रभाऊ? आवाज गेला का? नेटवर्क गेलं वाटतं.

हितेंद्र : नाही. नेटवर्क आहे. टोपली झटकली, डोक्यावर पालथी घातली आणि निघून गेली. पुढं सांगा, आबा.

हिलाल आबा : पुढला बजारले उनी, ते तोंडले पानी लायं नही. सकायथीन संध्याकाय. आते त्या बठ्ठ्या बाया तसंच करतस. बजारना दिन पानी पेतस नहीत.

हितेंद्र : त्यानंतर बाजाराच्या दिवशी तिनं पाणी प्यायचं सोडलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आणि ती एकटीच नाही. आजही बाजाराच्या दिवशी बायका पाणी पीत नाहीत. मे महिन्यातसुद्धा. झालं, आबा?

हिलाल आबा : झायं. आते मतदान ल्या म्हना.

ज्योत्स्नाताई : आबांच्या भावना आम्ही समजू शकतो. पण वेळ कशी आहे तेही बघा. मतदान घेऊ. स्वच्छतागृहाचा निधी वर्ग करण्याच्या बाजूनं ज्यांचं मत आहे, त्यांनी कॅमेऱ्यासमोर हात वर करा. साहेब, मोजा. ...दीपकभाऊ, नीट वर करा. हितेंद्रभाऊ, तुमचा हात दिसत नाहीये.

हितेंद्र : वर केलेला नाही, ताई.

ज्योत्स्नाताई : म्हणजे?

हितेंद्र : म्हणजे नाही केला.

ज्योत्स्नाताई : तुम्हाला विषय कळला ना? हा आपला... हा प्रशासनाचा प्रस्ताव आहे.

हितेंद्र : कळला. मोजा साहेब, जे वर आहेत ते.

ज्योत्स्नाताई : विरोधात? ...आबांचा हात दिसला. एका मतानं सूचना फेटाळली जाते. मग मला सांगा, मशीनचे पैसे आणू कुठून? कोणीतरी बोला आता!

हितेंद्र : चौकातलं कारंजं काढा.

ज्योत्स्नाताई : ते काम तुमचं आहे, भाऊ.

हितेंद्र : माझं आहे म्हणून तर मी म्हणू शकतो. टेंडर उघडलेलं नाही. रद्द करा, पैसे तिकडे वळवा. सूचक मी.

हिलाल आबा : अनुमोदक हिलाल.

ज्योत्स्नाताई : कोणाचा विरोध? ...नाही. मंजूर. दहा मिनिटांसाठी सभा तहकूब.

हितेंद्र : आबा, फोन वाजणार आता. बघा, वाजला. नाही, इथंच घेतो. उठायचं त्राण नाही मला. बोला, ताई.

ज्योत्स्नाताई : हे काय केलंत तुम्ही?

हितेंद्र : त्यांचं बोलता बोलता माझ्याच तोंडून निघालं सगळं. रेकॉर्डिंग आहे. तोंड एक बोलतंय आणि हात भलतंच करतोय, असं गावानं बघितलं असतं.

ज्योत्स्नाताई : नेटवर्क जातं, हे त्याकरताच सांगितलं होतं ना? कुंदनशेठचा मेसेज आलासुद्धा. डिसेंबरात तुमच्या तिकिटाचं काय होईल ते आता मी सांगू शकत नाही.

हितेंद्र : बरोबर आहे तुमचं.

ज्योत्स्नाताई : मशीनची ऑर्डर मी आजच देते. आणि हितेंद्रभाऊ...

हितेंद्र : हं?

ज्योत्स्नाताई : मला मत द्यावं लागलं नाही, तेवढं एक बरं झालं. ठेवते.

हितेंद्र : आबा. आबा, इकडे बघा. बोट द्या. एकोणनव्वद! अहो, कोणी आहे का बाहेर? डॉक्टरांना बोलवा! सिस्टर! पालथे व्हा, आबा, मी धरतो. हां, असे.

हिलाल आबा : ओरडू नको भो. मी आठेच शे.

हितेंद्र : ॲम्ब्युलन्स येतेय म्हणतात. जळगावला खाट मिळालीय. बोलू नका. तुमची पिशवी मी भरतो. चष्मा कुठाय?

हिलाल आबा : उशीखाले.

हितेंद्र : सदरा, टॉवेल, गोळ्या. तो फोन घेऊन काय करणार? राहू द्या इथंच.

हिलाल आबा : सिम काढी ले त्यामातीन.

हितेंद्र : काढतो. आबा... ती मन्ही माय व्हती ना?

हिलाल आबा : कोन?

हितेंद्र : निंबखाले, पेरूवालाना शेजारे. त्या दिवशी आई रिकामी टोपली घेऊन घरी आली. म्हणाली, सगळी भाजी एका लग्नघरी गेली, पैसे पुढच्या बाजारी देतील. मला चपला घ्यायच्या होत्या. मी आठवडाभर रोज विचारायचो, लग्नघरचे आले का म्हणून.

हिलाल आबा : बेबाबाईच व्हती.

हितेंद्र : मग सभेत नाव का नाही घेतलं? माझ्या तोंडून माझ्याच आईचं नाव वदवलं असतं, तर मी तिथंच प्रस्तावाला आडवा गेलो असतो. तुम्हाला एवढी खटपट करायची गरज नव्हती.

हिलाल आबा : नाव लेतू तर ते तुन्हा घरनं व्हई जातं. बजारनं ऱ्हातं नही.

हितेंद्र : बोलू नका आता. गाडी आली वाटतं.

(काही दिवसांनी, फोनवर.)

हिलाल आबा : कोन, हितू का? मी हिलाल. नातूनी नवा फोन लई दिन्हा.

हितेंद्र : आबा! आवाज खणखणीत आहे की. नळी काढली?

हिलाल आबा : काल काढी. डॉक्टर म्हने, अजून दोन दिन ऱ्हा. आठली डाळ पानीसारखी शे, पन मी काही बोलस नही. तू घर गया का?

हितेंद्र : आलो. मशीनही आली, आबा. चाळीसगावहून टेम्पो आला. उतरवली त्याच दिवशी दहाच्या दहा लागली. तुमच्या खिडकीच्या खाटेवर एक मास्तर आहेत दोंडाईच्याचे, त्यांना लावलंय एक.

हिलाल आबा : वाचतीन ना त्या?

हितेंद्र : काल उठून बसले होते.

हिलाल आबा : कारंजावाला पोरे काय म्हनतस?

हितेंद्र : रुसलेत. कुंदनशेठ फोन उचलत नाही.

हिलाल आबा : मंग डिसेंबरमा पडशी तू.

हितेंद्र : पडेनही. तुम्ही माझ्यासमोर माणूस उभा करणार ना?

हिलाल आबा : करसू ना. सोडसू का तुले?

हितेंद्र : म्हटलं, मऊ पडलात की काय.

हिलाल आबा : मुतारीनं सांग. मार्च सरना.

हितेंद्र : कार्यारंभ आदेश निघाला. मार्च संपता संपता, पण निघाला. आता नकाशाच पुढ्यात घेऊन बसलोय.

हिलाल आबा : दार कोनीकडे दखाडेल शे?

हितेंद्र : रस्त्याकडे.

हिलाल आबा : रस्ताकडे नको. समोर पानटपऱ्या शेत, मानसं उभा ऱ्हातस. बाया जावाव नहीत. शाळानी भिंतकडे कर.

हितेंद्र : आईही तेच म्हणाली.

हिलाल आबा : तिले इचारं?

हितेंद्र : नकाशा तिच्यासमोर ठेवला. बोट ठेवून ठेवून दाखवलं, हे दार, ही भिंत, इथं नळ. ती दाराच्या खुणेवरूनच बोट फिरवत राहिली. मला वाटलं, तिला कळलं नाही. मग म्हणाली, कडी आतून लागली पाहिजे.

हिलाल आबा : कडी.

हितेंद्र : हो.

हिलाल आबा : इतला वरीस भांडनू मी त्या मुतारीकरता. कडीनं मन्हा ध्यानमाच उनं नही.

हितेंद्र : नकाशात कडी दाखवतच नाहीत, आबा. इंजिनिअर म्हणतो, ते ठेकेदार बघून घेतो.

हिलाल आबा : ठेकेदारवर नको सोडू. तू लिख.

हितेंद्र : लिहिलीय. दाराच्या शेजारीच. पेनानं.